ऑपोझिट मिस

कुंभकोणमला मेलकावेरीत आम्ही ज्या घराच्या माडीवर भाड्याने राहत होतो, त्या घराच्या मालकीणबाईंचं नाव तुळजाबाई. पण स्टेशनवरून रिक्षा करताना हे नाव सांगून उपयोग नसे. रिक्षावाला डोकं खाजवत राही. ‘ऑपोझिट मिस’ म्हटलं की मात्र तो हसायचा आणि सरळ दारात आणून सोडायचा.

या नावाचं कारण त्यांच्या दाराशीच होतं. रोज सकाळी त्या अंगणात कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढायच्या, हात झटकायच्या आणि दाराशेजारी टांगलेल्या काळ्या पाटीवर खडूने एक इंग्रजी शब्द लिहायच्या. संध्याकाळी शिकवणीला येणाऱ्या प्रत्येकाने त्या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द सांगायचा, तेव्हाच चपला काढायच्या. जाताना एक समानार्थी शब्द सांगायचा. बँकेच्या परीक्षा देणारी मुलं, परदेशी शिकायला जायचं म्हणून कठीण शब्दांची घोकंपट्टी करणारे इंजिनियर, बारावीच्या मुली, सगळ्यांना हाच नियम. मुलांबरोबर गल्लीही शिकली. एके दिवशी पाटीवर ‘अबंडंट’ होता. फुलवालीने तो काय म्हणून विचारलं, बाईंनी ‘भरपूर’ असं सांगितलं आणि सवयीने त्याचा विरुद्धार्थी ‘स्केअर्स’ही सांगितला. दुसऱ्या दिवसापासून फुलवाली हातावर मोगऱ्याचा गजरा मोजताना आखडता हात घ्यायची आणि म्हणायची, “आज मल्ली स्केअर्स, अम्मा.” बाईंना त्याचं इतकं कौतुक, की त्या आखूड गजरा निमूट घ्यायच्या.

त्या मुलींच्या एका अनुदानित शाळेतून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. भाऊ बंगळूरला. तंजावरच्या दरबाराबरोबर आलेलं त्यांचं घराणं, त्यामुळे घरात मराठी, ओट्याखाली उतरलं की तमिळ आणि ओट्यावर भरणाऱ्या शिकवणीत इंग्रजी. या तीन भाषा त्या सोवळ्याच्या भांड्यांसारख्या वेगवेगळ्या ठेवायच्या. मी नाशिककडची. माझं मराठी ऐकून त्या पहिल्या आठवड्यातच म्हणाल्या, “पोरी, तूं ‘टाइम नाही, टेन्शन आलं, अॅडजस्ट करते’ म्हणतेस. ह्यांत मराठी कोठें आहे, तें मजला दाखीव.” त्यांच्या तोंडी ‘भाजी’ची ‘बाजी’ व्हायची, मधूनच एखादा तमिळ शब्द यायचा, पण वाक्य असं यायचं, की कुणी जुनी पत्रं वाचून दाखवतंय असं वाटावं. मला आधी हसू यायचं. नंतर नंतर मीच त्यांच्याशी बोलताना शब्द शोधू लागले.

शिकवणीत त्यांचा मुद्दा एकच. शब्दांना सख्खी भावंडं नसतात, सगळी चुलत. बाजारातल्या क्लासमध्ये एका शब्दापुढे पाच-पाच शब्द लिहून पाठ करायला देतात, ते त्यांना बिलकूल पटत नसे. “हे लोक शब्द किलोने विकतात,” असं म्हणून त्या नाक उडवायच्या. त्यांची पद्धत निराळी. ‘बारीक’ यासाठीचे इंग्रजी शब्द शिकवायचे असले, की त्या एक लग्न लावायच्या. मुलाकडच्यांना सांगताना आपली मुलगी ‘स्लिम’. शेजारणीची ‘थिन’. जावेची ‘स्किनी’. “मुली तिघी सारख्याच बारीक आहेत,” त्या सांगायच्या, “फरक बोलणारीच्या पोटात आहे.” वर्ग खो खो हसायचा आणि शब्द कायमचा बसायचा. मी माडीच्या जिन्यावर भाजी निवडत बसायचे ती यासाठीच.

त्यांची जीभ तिखट होती. चुकलेल्याची त्या नक्कल करायच्या आणि मुलं ती आनंदाने सोसायची. ऑपोझिट मिसने आपली फिरकी घेतली, हे मुलं बाहेर फुशारकीने सांगायची. त्यामुळे आपलं बोलणं कुणाला लागत असेल, असा विचार करायची पाळीच बाईंवर कधी आली नव्हती.

अर्थाच्या बाबतीत मात्र त्या कुणाला भीक घालत नसत. गावातल्या पितळी भांड्यांच्या एका मोठ्या दुकानाचे मालक एकदा आपलं भाषण तपासून घ्यायला आले. शाळेच्या बक्षीस समारंभात त्यांना पाहुण्यांची ओळख करून द्यायची होती. पाहुणे फार साधे आहेत हे सांगण्यासाठी त्यांनी ‘सिंपल-माइंडेड’ असा शब्द लिहिला होता. बाईंनी त्यावर काट मारली आणि त्याचा अर्थ ‘मंदबुद्धी’ असा होतो हे सांगितलं. मालकांना तो शब्द भारदस्त वाटत होता. ते म्हणाले, इथे कुणाला एवढं कळतंय, सगळे चांगलाच अर्थ घेतील. बाई म्हणाल्या, “अर्थ माझ्या घरचा नाही, पाहुणा बघून बदलायला.” मालक रागावून भाषण घेऊन गेले. नंतर कितीतरी दिवस ते रस्त्यात भेटले की मान फिरवायचे. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

हे सांगते आहे, कारण याच बाई एकदा अर्थाच्या बाबतीत खोटं बोलल्या. तेव्हा मी तिथेच होते.

कयलविळी नावाची एक मुलगी त्यांच्याकडे यायची. बारावीतली, सावळी, अबोल. तिचे वडील षण्मुगम् जवळच्याच एका देवळात नादस्वरम् वाजवायचे. आपल्याकडच्या सनईचाच तो प्रकार, पण दोन हात लांब आणि आवाज असा की चार गल्ल्या पलीकडे पूजा सुरू झाल्याचं कळावं. आमच्या घरी सकाळचं पाणी तापायचं ते त्यांच्या वाजवण्यावर. कयल वर्गात मागे बसायची, पण तिच्या वहीकडे बाईंचं लक्ष असायचं. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, की ही मुलगी शब्द उचलत नाही, चाखून बघते.

त्या संध्याकाळी बाईंनी घरातल्या एका माणसावर पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या, पाठ केलेल्या नव्या शब्दांतला एक तरी वापरून. कयलने वडिलांवर लिहिलं होतं. ‘प्रसिद्ध’ यासाठी तिने नेहमीचा ‘फेमस’ सोडून मोठा शब्द शोधला होता, ‘नोटोरियस’. माझे वडील कुंभकोणममधले सर्वांत नोटोरियस नादस्वरम् वादक आहेत. म्हणजे कुप्रसिद्ध. बदनाम.

बाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि त्या हसल्या. डोळ्यांना पदर लावावा लागला इतक्या हसल्या. मग त्यांनी कयलला उभं करून विचारलं, की तुझ्या वडिलांना पोलीस ओळखतात का? चौकीत वाजवतात की देवळात? सगळा ओटा हसत होता. कयल उभीच होती. तिच्या ओठांवरही हसण्यासारखं काहीतरी होतं, पण ती वही बाईंच्या हातातून परत घ्यायला हात पुढे करून थांबली होती आणि बाईंच्या ते लक्षात आलं नाही. मग बाईंनी तो फरक फार सुरेख समजावून सांगितला. कोण फेमस, कोण एमिनंट, कोण नोटोरियस, गावातली माणसं घेऊन. त्या दिवसाइतका चांगला धडा मी त्यांच्याकडून ऐकला नाही.

शब्द ओट्यावरून खाली उतरला. वर्गातल्या मुलांनी तो गल्लीत नेला. षण्मुगम् सायकलवरून देवळाकडे निघाले, की कट्ट्यावरची पोरं मागून ओरडायची, “नोटोरियस! नोटोरियस!” कयल आणखी थोडे दिवस आली आणि मग यायची थांबली. बाईंनी दोनदा निरोप पाठवला. अभ्यास आहे, असं उत्तर आलं.

एका दुपारी षण्मुगम् स्वतःच आले. पांढरी वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर, कपाळाला चंदन, हातात पिशवीभर केळी. मी बाईंचं एक भांडं परत द्यायला खाली आले होते. बाईंनी त्यांना ओट्यावर आपल्याशेजारी बसवलं, कॉफी आणून दिली. ते बराच वेळ मुलीबद्दल बोलले. ती गप्प असते, क्लासला का जात नाही ते सांगत नाही. मग संकोचाने म्हणाले, की पोरं मला एका इंग्रजी शब्दाने हाक मारतात. मुलीला अर्थ विचारला तर ती म्हणाली, टीचरना विचारा. म्हणून आलो. तो शब्द त्यांनी तमिळ वळणाने, अक्षर अक्षर जपून उच्चारला.

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्या सांगतील. भांडीवाल्या मालकांना सांगितलं तसं, सरळ. पण त्या म्हणाल्या, “ज्याला सगळं गाव ओळखतं, तो.”

षण्मुगम् यांचा चेहरा उजळला. पोरं टवाळी करत नाहीत तर, ते म्हणाले. बाईंनी मान हलवली. त्यांनी हात जोडले आणि ते निघून गेले. केळी ओट्यावर राहिली.

 मग बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “अर्धा अर्थ सांगितला गे मी. खोटें नव्हे तें. अर्धें.” मी भांडं आत ठेवून आले. 

नंतर त्या अधूनमधून म्हणायच्या, एकदा त्यांच्या घरी जाऊन यायला हवं. मार्गळी महिन्यात, डिसेंबरच्या थंडीत, देवळात पहाटेपासून वाजवणं असतं, त्यांना सवड नसेल, असं म्हणून ते राहिलं. मग पोंगल, आपली संक्रांत, आला. बारावी झाल्यावर कयल तिरुचीला कॉलेजात गेली, वसतिगृहात राहू लागली. जायचं राहिलं ते राहिलंच. पोरांनीही ओरडायचं सोडून दिलं होतं, कारण षण्मुगम् आता तो शब्द ऐकला की सायकलवरून हात वर करून हसायचे. त्यात पोरांना मजा उरली नाही.

मासी महिन्यातल्या, म्हणजे माघ-फाल्गुनातल्या, उत्सवाच्या आधी गावात फ्लेक्स लागतात. पुढाऱ्यांचे, लग्नाचे, वाढदिवसाचे, प्रत्येक खांबाला एकेक. पुढच्या वर्षी षण्मुगम् यांना उत्सवात वाजवण्याचा पहिला मान मिळाला आणि त्यांच्या भाचेमंडळींनी देवळाच्या रस्त्यावर त्यांचा मोठा फ्लेक्स लावला. फोटोत ते नादस्वरम् ओठांशी धरून उभे. वर तमिळमध्ये नाव आणि खाली, खास त्यांच्याच इच्छेवरून, ठळक इंग्रजी अक्षरांत तो शब्द.

सकाळी दर्शनाला निघालेल्या तुळजाबाईंना तो दिसला. मी त्यांच्याबरोबर होते. त्या थांबल्या, चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. चेन्नईहून आलेली काही तरुण मंडळी खाली उभं राहून मोबाईलवर फोटो काढत होती आणि एकमेकांना दाखवून हसत होती. बाई सरळ खांबाशी गेल्या आणि फ्लेक्सची दोरी सोडवू लागल्या. गाठी नायलॉनच्या, घट्ट. त्यांची नखं तुटत होती. मी म्हणत होते की कुणाला तरी बोलावू, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. एक कोपरा सुटला आणि फ्लेक्स तिरका लोंबला.

तेवढ्यात भाचे धावत आले. त्यांना वाटलं, म्हातारी मत्सराने मामांचा फोटो उतरवते आहे. आवाज चढले, माणसं जमली. देवळाच्या दारातून स्वतः षण्मुगम् आले, वाजवण्यासाठी तयार होऊन. त्यांनी भाच्यांना मागे सारलं आणि अदबीने विचारलं, “काय झालं, टीचर?”

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि सांगायला ओटा नव्हता, शेजारी बसवायला जागा नव्हती. भर रस्त्यात, जमलेल्या माणसांसमोर तुळजाबाईंनी त्यांना त्या शब्दाचा पूर्ण अर्थ सांगितला. तमिळमध्ये, हळू आवाजात. पण पुढे उभे असलेल्यांनी मागच्यांना सांगितला, मागच्यांनी आणखी मागे.

षण्मुगम् फ्लेक्सकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, “त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मला इंग्रजी येत नाही, टीचर. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी चार ठिकाणी विचारलं असतं. तुम्ही सांगितलंत म्हणून विचारलं नाही.”

एवढंच. आवाज चढला नाही. आतून ढोलाची थाप पडली तसे ते वळले आणि आत गेले, आणि थोड्या वेळाने त्यांचं नादस्वरम् सुरू झालं. मी त्या विद्येतली नाही. पण त्या दिवशी ते कुठे चुकले असतील असं मला वाटत नाही. आम्ही दर्शन न घेता परत आलो.

तो फोटो मोबाईलवरून गावभर आणि गावाबाहेर फिरला. माझ्या नवऱ्याला तो त्याच्या बँकेतल्या कुणीतरी मदुराईहून पाठवला, खाली हसणारे चेहरे. तिरुचीच्या वसतिगृहात तो कयलपर्यंत पोहोचायला कितीसा वेळ लागणार.

ती पुढच्या रविवारी आली. दाराशी पाटीवर शब्द लिहिलेला होता. तिने त्याकडे बघितलं नाही आणि चपलाही काढल्या नाहीत, खालीच उभी राहिली. बाई उठून ओट्याच्या कडेला आल्या. कयल वर्षभरात मोठी झाली होती, आता नजर वर करून बोलत होती. तिने सांगितलं, की अप्पा त्या दिवशी आनंदाने घरी आले आणि टीचरनी असं सांगितलं म्हणाले, तेव्हाच तिला खरा अर्थ माहीत होता. पण त्यांना इतकं बरं वाटलं होतं की तिच्याच्याने तो आनंद मोडवला नाही. ती वाट बघत राहिली, की मिस येऊन सांगतील.

“मी चुकले तेव्हा मला शब्द येत नव्हता, मिस,” ती म्हणाली. “तुम्हाला येत होता.”

बाईंनी तिला आत बोलावलं. ती आली नाही. नमस्कार करून गेली.

त्यानंतर पाटी कोरीच राहू लागली. नियम मोडला असं बाईंनी कुणाला सांगितलं नाही. मुलं पाटीकडे बघायची, घुटमळायची आणि चपला काढून वर यायची. शिकवणं चालू होतं, पण आता त्या कुणाची नक्कल करत नसत. वहीत चूक दिसली की खाली बारीक अक्षरात बरोबर शब्द लिहून वही मिटून परत द्यायच्या. मुलांना ते कंटाळवाणं वाटू लागलं. तिखट जिभेची मिस त्यांना हवी होती. एकेक करून ती दुसऱ्या क्लासला गेली, जिथे शब्द किलोने मिळत. फुलवाली मात्र अजून ‘स्केअर्स’ म्हणायची. बाई हसायच्या नाहीत, गजरा घेऊन आत जायच्या.

षण्मुगम् यांनी गावातलं देऊळ सोडलं. तिरुक्करुगावूरच्या देवळात जागा होती, तिथे ते गेले. कुणी म्हणे जुना वायदा होता, कुणी म्हणे त्या रस्त्यावरून जाणं त्यांना नको झालं. आमच्या सकाळी मुक्या झाल्या. बाई दोन-चार वेळा बसने तिरुक्करुगावूरला जाऊन आल्या. भेट झाली का, असं मी विचारलं की म्हणायच्या, “गर्दी होती.” त्या देवळात मूल व्हावं म्हणून, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून लांबून बायका येतात, गर्दी असतेच. पण वाजवणाऱ्याला भेटायला रांगेत उभं राहावं लागत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आमची बदली ठरल्यावर एक दिवस त्याच म्हणाल्या, “ये मजसंगें. एकटीनें होत नाही.”

बसमध्ये खिडकीशी बसून त्या पुटपुटत होत्या. मी कान दिला. तमिळमध्ये एकच वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, कधी एक शब्द बदलून, कधी दुसरा. मला तेवढं तमिळ समजत होतं. क्षमा मागण्याचं वाक्य होतं ते. माझं चुकलं, असं एकदा. मी तुमचा अपमान केला, असं एकदा. मी भ्याले, असं एकदा. वाटेतलं पापनाशम् आलं, केळीच्या बागा मागे पडल्या, तरी त्यांचं ठरत नव्हतं.

संध्याकाळच्या पूजेला अवकाश होता. षण्मुगम् देवळाच्या बाहेरच्या दाराशी पायरीवर बसून वाद्याच्या तोंडाची पत्ती ओली करत होते. बाईंना पाहताच ते घाईने उठले. आणि उठता उठता त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून कमरेला बांधलं.

जुन्या काळी वाजवणारी माणसं मोठ्या घरच्यांपुढे असं करत. खांद्यावर वस्त्र ठेवून समोर उभं राहण्याची त्यांना मुभा नव्हती. आता कुणी करत नाही. षण्मुगम् यांना मी इतकी वर्षं पाहिलं, त्यांनी ते कधी, कुणापुढे केलेलं मी पाहिलं नव्हतं. आमच्या ओट्यावर ते बाईंच्या शेजारी बसून कॉफी प्यायले होते.

ते हात जोडून, जरा वाकून उभे राहिले. “अम्मा, सुखरूप आहात ना?” आजवर ते ‘टीचर’ म्हणत आले होते.

बाईंचे ओठ हलले. बसमध्ये घोकलेल्या वाक्यांपैकी कुठलंच आलं नाही. त्यांनी हात पुढे केला, त्यांच्या कमरेकडे, गाठीकडे, आणि मधेच थांबवला. “तें... खांद्यावर घ्या,” त्या म्हणाल्या. मराठीत. त्यांच्या आयुष्यात ओट्याखाली कधी न उतरलेलं मराठी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. षण्मुगम् यांना ते समजणं शक्य नव्हतं. त्यांनी मान तुकवली, दर्शन नीट घ्या असं सांगितलं, कयल बरी आहे असंही सांगितलं. मग आत घंटा वाजली आणि ते वाद्य उचलून गेले. उपरणं कमरेलाच होतं.

मी बसची चौकशी करायला कोपऱ्यापर्यंत गेले. शेवटच्या बसला फार वेळ उरला नव्हता. मागे वळून हाक मारणार, तोच आतून नादस्वरम् सुरू झालं. तुळजाबाई दर्शनाच्या रांगेकडे गेल्या नाहीत. पूजेची ताटं घेतलेल्या बायका त्यांना वळसा घालून आत शिरत होत्या. त्या दाराबाहेरच्या भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली बसल्या, पदर गुडघ्यांवर ओढून घेतला, आणि वर्गाबाहेर बसवलेल्या मुलीसारख्या आतलं ऐकत राहिल्या.